पेटीतला कापूस

एका बुधवारी दुपारी माझे यजमान खुर्चीत बसून गाणं ऐकत असताना गेले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. शेजारणीने फोन केला. मी घरी आले तेव्हा माणसं जमली होती. मी ॲम्प्लिफायर बंद केला.

लग्न झालं तेव्हा यांच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. मग नागपूरच्या जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आला. पुसदपर्यंत एसटीत तो यांच्या मांडीवर आणि दोघांच्या पिशव्या माझ्या. मग ॲम्प्लिफायर, मग तो विकून दुसरा. शेवटी स्पीकरच्या पेट्या यांनी स्वतःच केल्या. आत कापूस भरावा लागतो, नाहीतर आवाज घुमतो, असं सांगायचे. ती कापसाला भाव नसलेली वर्षं. गावाकडे दिरांच्या बैठकीत कापूस पार छतापर्यंत रचलेला होता. त्यातून पोतंभर आणला आणि आम्ही दोघांनी हाताने सरकी काढली. दीर म्हणाले, "व्यापारी घेईना, दादाच्या डब्ब्यानं तरी घेतला माझा माल!"

किती भरायचा याला माप नव्हतं. हे मूठभर घालायचे, पेटी बंद करून ऐकायचे, पुन्हा उघडायचे. "आता कळला फरक?" असं मला विचारायचे. मला कळायचा नाही, तसं मी सांगायची. "राहू दे, तुझ्या कादंबऱ्यांतलं मले कुठं कळते," म्हणायचे.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली. डाव्या पेटीतून तबल्याचा डग्गा घुमत होता. दीर घरी होतेच, त्यांनी पेटी उघडली. कापूस खाली बसला होता, वरची अर्धी पेटी रिकामी. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तोवर उशीसाठी आणलेला पिंजलेला कापूस त्यांनी गादी भरावी तसा आत ठासला होता.

"वहिनी, आता कितीबी वर्षं पाहायचं काम नाही."

"भाऊजी, जुना कुठे आहे?"

"तो? देला फेकून. धूळच होती त्यात. काहून, काय झालं?"

त्यांचा हात उजव्या पेटीकडे गेला तेव्हा मी "नको" म्हणाले, जरा मोठ्यानेच. त्यांनी हात मागे घेतला. मग हळू म्हणाले, "दादा असता तं मले शिव्या देल्या असत्या काय?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

यांनी बसवलेला आवाज घरात राहावा, एवढंच मला हवं होतं. डग्गा आता घुमत नाही, पण दबला आहे. मी चिमटीने थोडा थोडा कापूस काढून पाहिला. कुठे थांबायचं ते कळेना. उजव्या पेटीवरून अंदाज घ्यावा, तर तिच्यातलाही खाली बसलाच असेल. ती घुमते का, हेही मला नक्की ठरवता येत नाही. त्या दुपारी यांना जे ऐकू येत होतं, ते कापूस बसल्यानंतरचंच ना? मग पेटी उघडली का नाही? लक्षात आलं नव्हतं, की तसाच आवाज आवडू लागला होता? मी पुस्तकांत शोधलं. आमच्या ग्रंथालयात यावर काही नाही.

उजव्या पेटीत यांनी भरलेला कापूस आहे, डाव्या पेटीत दिरांनी भरलेला. संध्याकाळी मी एक रेकॉर्ड लावते. दोन्ही पेट्या वाजतात.