कालिंदीताईची तणसाची गादी

माझी मोठी बहीण कालिंदी आयुष्यभर कुशीवर झोपली. उताणं झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणायची, आणि पालथं झोपलेलं आईला खपत नसे. त्यात अंगाने काटकुळी. आडवी झाली की सगळ्यांत आधी खांद्याचं आणि कमरेचं हाड जमिनीला लागायचं. बालाघाटच्या घरात जाड कापसाची गादी होती तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचे यजमान टायफॉइडने गेले. ती माहेरी परत आली, जबलपूरला जाऊन नर्सचं शिक्षण घेतलं आणि सरकारी नोकरीला लागली. नेमणूक मिळाली तिरोडीकडच्या खेड्यांची. महिन्यातला अर्धा वेळ दौरा, मुक्काम कुणाच्या तरी ओसरीत. तेव्हापासून आमच्या घरात अंथरुणाइतकी चर्चा दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

आईला ताईची नोकरी मान्य होती, पगार तर फारच मान्य होता. ती बाळंतपणं करते एवढंच मान्य नव्हतं. त्यामुळे दौऱ्यावरून आल्यावर ताई मागच्या दाराने यायची, न्हाणीत आंघोळ करायची आणि मग घरात पाऊल टाकायची. तिची वळकटी मागच्या पडवीत वेगळ्या खुंटीला टांगलेली असे. ताई हे सगळं निमूट पाळायची. मी तिच्या जागी असते तर पाळलं नसतं, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे. मी शाळेत मास्तरीण. मला कुणाचं बाळंतपण करायचंच नव्हतं, तेव्हा माझं शौर्य फुकटचं होतं.

पहिल्या दौऱ्याला ताईने घरची गादीच होल्डॉलमध्ये बांधून नेली. बसच्या टपावर चढवायला एक माणूस, उतरवायला दुसरा. तिरोडीपासून पुढे बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. गादी माणसासाठी की माणूस गादीसाठी, असा प्रश्न पडायची वेळ आली. पुढच्या खेपेला तिने सतरंजी आणि दोन गोधड्या नेल्या. हलकं झालं खरं, पण शेणाने सारवलेली जमीन दोन गोधड्यांतून बरोबर कमरेचं हाड शोधून काढायची. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी लंगडत बायकांना तपासायला जायची तेव्हा त्याच विचारायच्या, बाई, तुमालेच काही दुखते काय?

खाट का घेत नाहीस, असं आईने विचारलं. बहुतेक घरांत खाट एकच, आणि तिच्यावर घरातला म्हातारा. पाहुणी आली म्हणून त्याला भुईवर उतरवायचं ताईला पटत नसे. शिवाय सैल सुंभाच्या झोळात कुशीवर झोपलेलं माणूस केळीसारखं वाकतं. उताण्या माणसाची गोष्ट वेगळी.

मग हवेची गादी आली. भरवेलीच्या खाणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना सामान विकून गेला, त्यात ही रबराची गादी होती. ती आणताना ताईचा चेहरा असा होता, की जणू पुढचा जन्मभर झोपेची सोय झाली. पहिल्याच मुक्कामी ती तोंडाने फुंकायला बसली आणि सगळं गाव ओसरीसमोर जमलं. बाई रबराच्या रेड्यात वारा भरून राह्यली, अशी बातमी शेजारच्या वस्तीपर्यंत, टोल्यापर्यंत गेली. गच्च फुगवली तर ताई तिच्यावरून घरंगळायची. थोडी हवा सोडली तर हवा डोक्याकडे आणि पायांकडे पळायची आणि मधलं हाड थेट जमिनीवर. बनवणाऱ्याने उताणं झोपणारा माणूसच डोळ्यांसमोर ठेवला असणार. शेवटी तिच्यात बाभळीचा काटा घुसला. सायकलवाल्याने ठिगळ लावून दिलं, ते रात्री सुटलं. ताई म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ, गोधड्याच बऱ्या."

तिला खरी झोप लागली ती चैतरामच्या बैलगाडीत. चैतराम तिरोडीहून तिला खेड्यांत पोचवायचा. गाडीत त्याने भाताचं तणस, म्हणजे झोडपून उरलेला पेंढा, पसरलं होतं, ताई सहज कुशीवर कलंडली, आणि चैतरामने "बाई, उठो, गाँव आ गया" म्हणून हाका मारेपर्यंत तिला जाग आली नाही. तणस हाडाखाली दबतं, कमरेच्या खोलगट भागाखाली भरलेलं राहतं. वजन तर नेण्याची गरजच नाही, कारण भाताच्या मुलखात तणसाची गंजी कुठल्या घरामागे नसते?

त्या रविवारी मी तिला जुन्या पडद्याची खोळ शिवून दिली. रिकामी खोळ घडी करून तिच्या औषधांच्या पिशवीत मावायची. मुक्कामी पोचली की घरधनिणीकडून तणस मागायचं, खोळीत भरायचं, वरून गोधडी. ताई त्यात तरबेज झाली. खांद्याजवळ कमी, कमरेशी हाताने दाबून खळगा, आणि उरलेल्या तणसाची गुंडाळी गोधडीच्या टोकात बांधून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. सकाळी खोळ झाडून तणस गोठ्यापाशी परत. कुणाचं काही घेतलं नाही, कुणाला काही लागलं नाही. अशी हलकी, मऊ आणि फुकट गादी साहेबालाही सुचली नाही, असं ती आम्हांला ऐकवायची. तिचा दौऱ्यावरचा ताप गेला. चेहऱ्यावर तजेला आला.

दौऱ्यावर एकच गोष्ट तिच्या मनासारखी होत नव्हती. खैरटोल्याला गोदाबाई नावाच्या शेतकरणीच्या घरी तिचा मुक्काम असे. गोदाबाईची सून अनुसया. तिची दोन मुलं जन्मून आठवडाभराच्या आत गेली होती. आधी चांगली रडत होती, मग जबडा बसला, दूध ओढेनात. नाळ विळ्याने कापलेली आणि वर राख भरलेली. ताईला कारण ऐकताक्षणी कळलं: धनुर्वात. आता अनुसयाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. ताई दर खेपेला तिला तपासायची, गोळ्या द्यायची आणि गोदाबाईला विनवायची, की बाळंतपणाला मला बोलवा, आणि नंतरही मी आठ दिवस राहीन. गोदाबाई प्रेमाने जेवू घालायची, आणि उत्तर द्यायची, "पाहू, बाई."

या "पाहू"ने ताईच्या नाकी नऊ आणले. सुईण आड येत असेल म्हणून तिने सुईणीला गाठलं, तर ती म्हणाली, या की, मले तेवढीच मदत. अनुसयाचा नवरा मोतीलाल नाराज असेल म्हणून त्याच्याशी बोलली, तर तो बैलांना चारा टाकायला उठून गेला. घरी आली की ताई माझ्यापुढे तेच तेच उगाळायची. अनुसयाने एकदा तिचा हात धरून म्हटलं होतं, "बाई, या खेपेले तुमी राहा ना माह्याजवळ." ते सांगताना ताई रडली. मी तिला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

जेठ महिना लागला. अनुसयाचे दिवस भरत आले होते. ताई त्या खेपेला मुक्कामाला राहिली आणि सकाळी मागच्या बाजूला गेली, तर गोदाबाई उकिरड्याशी तणस पेटवत होती. ताईने नुकतंच खोळीतून झाडून ठेवलेलं, चांगलं कोरडं, पिवळंधमक तणस.

"गोदाबाई, हे काय करता?"

"तुमचं तनस जाळून राह्यली."

"काहून? बैलांना घाला की."

गोदाबाई ओशाळली. मग म्हणाली, "बाई, तुमी बाळंतपनं करता. तुमच्या आंगाखालचं तनस ढोराले कसं घालाव?"

"अहो, पण मी रोज आंघोळ करते."

"हौ. मानूस आंघोळ करून मोकळं होते. तनसाले कोन आंघोळ घालते?"

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाही?"

"पाहुन्याले असं सांगतात काय?"

ताई तिथेच दगडावर बसली. गोदाबाईही तिच्याजवळ उकिडवी बसली, आणि एकदा तोंड उघडल्यावर तिने उरलेलंही सांगून टाकलं. गंजी संपत आली होती. पेरणी डोक्यावर, बैलांना तेव्हाच चारा जास्त लागतो. बाळंतिणीखाली तणस घालावं लागतं, ते शेवटी जाळतात. "मोतीलाल म्हनते, एक बाळंतिनीचं तनस, एक बाईचं तनस, दोन्ही जाळाव त बैल काय खातीन? तुमाले नाही कसं म्हनाव? म्हनून मी पाहू म्हनत होती."

म्हणजे सुईण आड आली नव्हती आणि मोतीलालचा रागही नव्हता. अनुसयाच्या आणि ताईच्या मध्ये ताईची गादी होती. ताईने हे मला सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. गावोगाव किती बैलांचा घास ती सुखाने झोपून संपवून आली होती! ताई हसली नाही. म्हणाली, "एखाद्या घरी तरी कुणी बोललं असतं ना गं." पण पाहुणीला तिच्या अंथरुणाचा हिशेब ऐकवणारं घर त्या मुलखात नव्हतं, आणि आपण मागितलं की मिळतं याची तिलाही सवय झाली होती.

ताई तिथल्या तिथे म्हणाली, "मी तणस मागणार नाही. भुईवर झोपेन."

"वा! माह्या घरी पाहुनी भुईवर? लोकं तोंडात शेन घालतीन." गोदाबाई खरंच दुखावली. तणस देणं परवडत नव्हतं आणि न देणं शोभत नव्हतं.

ताईने त्या धुराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाळंतिणीचं तणस तर जाळणारच ना तुम्ही? मी त्याच्यावरच झोपते. अनुसयाच्या शेजारी."

गोदाबाईला वाटलं बाई थट्टा करतात. "तुमी बामनाच्या ना, बाई? बाळंतिनीच्या बिछान्यावर?"

"बामनाचीच. थोडं जास्त पसरा म्हणजे झालं."

पाच-सहा दिवसांनी दुपारी चैतराम गाडी घेऊन तिरोडीच्या आरोग्य केंद्रावर हजर झाला. मोतीलालने पाठवलं होतं. ताई पोचली तेव्हा अनुसयाला कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा झाला. ताईने उकळलेल्या कात्रीने नाळ कापली आणि राखेचं मडकं स्वतःच्या हाताने खोलीबाहेर ठेवलं. सुईणीने मुलाला न्हाऊ घातलं.

मग ताई तिथेच राहिली, अनुसयाकडे तोंड करून, डाव्या कुशीवर, मध्ये मूल. दोघींच्या वजनाने तणस दुसऱ्याच दिवशी चपटं झालं आणि कमरेचं हाड पुन्हा जमिनीला टेकलं. सकाळी ताई वाकडी होऊन उठायची. पण तिचं लक्ष कमरेकडे नव्हतं. मूल पाजायला घेतलं की ती वाकून बघायची, ओढतंय का. अनुसया मुलाकडे न बघता ताईच्या चेहऱ्याकडे बघायची. आधीची दोन ज्या दिवसांत गेली ते दिवस आले. घरात कुणी मोठ्याने बोलेना. मोतीलाल दारापाशी येऊन, काही न विचारता, परत जायचा. ते दिवस सरले. मूल दूध ओढत राहिलं, ओल्या दुपट्यात पाय झाडत राहिलं, आणि एका सकाळी असं बेंबीच्या देठापासून रडलं, की गोदाबाई बाहेरूनच ओरडली, "रडू दे! रडू दे त्याले!"

पुढच्या महिन्यात ताई खैरटोल्याला गेली ती मुक्काम न करायचं ठरवून. गोदाबाईने तिच्या पिशवीतून खोळ ओढून काढली, तणस भरलं, आणि कमरेशी खळगासुद्धा स्वतः केला. ताईने खूप नको म्हटलं. सकाळी उठून ती मागे गेली, आजही जाळत असेल म्हणून. उकिरड्याशी कुणी नव्हतं. गोदाबाई गोठ्यात होती. खोळीतलं तणस तिने बैलांपुढे टाकलं होतं आणि बैल ते खात होते.

"गोदाबाई, अहो, विटाळ?"

गोदाबाई बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माहा नातू तुमच्या आंगापाशी जगला. बैलाले काय होते?"

ताई त्याच दिवशी पहिल्या बसने बालाघाटला आली. आम्ही जेवायला बसत होतो. ती पुढच्या दाराने आत आली, सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली आणि आईला आणि मला तिने हे सगळं सांगितलं, बैलांच्या तोंडातल्या काड्यांपर्यंत. तिला इतकं आनंदात मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आई पोळीचा डबा पुढ्यात घेऊन ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "घरात येण्याआधी आंघोळ केलीस ना?"

ताईने एक ताट पुढे ओढलं.

"नाही," ती म्हणाली.

आईने डब्यावर झाकण ठेवलं. मला आईचा विलक्षण राग आला. मी उठले, झाकण काढलं आणि ताईला पोळी वाढली.