डावा घोटा

नेव्हिल ऑस्टरबी स्केलबी टाउन या फुटबॉल क्लबाकडून चौदा वर्षं खेळला. चारशे एकसष्ट सामने, सगळे मधल्या फळीत आणि बहुतेक चौथ्या श्रेणीत. गावात त्याला कुणी हिरो म्हणत नसे. मासळीच्या धक्क्यावरची माणसं एवढंच म्हणत, "नेव्ह मैदानात असला की पोटात गोळा येत नाही." याहून जास्त कौतुक करायची आमच्याकडे रीत नाही. गोल तो वर्षातून दोन-तीनच करायचा. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि डावीकडे कीथ मॅपलबेककडे सरकवायचा, हे त्याचं काम. मग कीथ पळत सुटायचा आणि टाळ्या कीथला मिळायच्या. नेव्हला त्याचं कधी काही वाटलं नाही. दोघं पंधराव्या वर्षी एकाच सकाळी क्लबात आले होते. नेव्हच्या लग्नात अंगठी कीथच्या खिशात होती आणि बाहेरगावच्या सामन्यांना दोघं एकाच खोलीत झोपायचे.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये नेव्हचा डावा घोटा मुरगळला. सूज उतरेना. संघाचा म्हातारा ट्रेनर अल्बर्ट दर शनिवारी त्यात सुई टोचायचा, पट्टी आवळायचा आणि वरून मोजा चढवायचा. "हे बाहेर कुणाला सांगायचं नाही," मॅनेजर क्रॅन्शॉ यांनी बजावलं. "कळलं तर पहिली लाथ तिथेच बसेल."

शुक्रवारच्या सांजपेपरात, खेळाच्या पानावर, पर्सी ड्यूबेरीच्या सदरात एक ओळ आली: ऑस्टरबीचा डावा घोटा अजून सुजलेला असून तो इंजेक्शन घेऊन उतरणार असल्याचे समजते.

शनिवारी दुसऱ्याच मिनिटाला पाहुण्यांच्या चार नंबरवाल्याने नेमकी तिथेच लाथ घातली. नेव्ह गवतावर पडला, तर तो वाकून अगदी मायेने म्हणाला, "दुखतो का रे अजून? स्टेशनवर वाचलं आम्ही."

त्या दुपारपासून नेव्हच्या डोक्यात किडा शिरला. घोट्याचं कुणाकुणाला ठाऊक होतं? अल्बर्टला. तो बायकोशीसुद्धा दिवसाला चार वाक्यं बोलायचा. मॅनेजरला. स्वतःच्या संघाच्या पायावर धोंडा कोण घालेल? बायकोला, मॉरीनला. आणि कीथला. चौघंच. आंघोळीच्या मोठ्या हौदात सगळी पोरं गाणी म्हणत बसलेली असताना नेव्ह कीथच्या तोंडाकडे बघत राहिला. दक्षिणेतल्या पोर्टहेवन क्लबचा माणूस कीथला पाहून गेल्याची कुजबुज होती. पेपरवाल्याला खूश ठेवणारा खेळाडू पेपरात चमकतो, हे नेव्हला चांगलं ठाऊक होतं.

त्याने सापळा लावला. सरावानंतर एकट्या कीथला गाठून म्हणाला, "उजवी मांडी ओढतेय रे. कुणाला बोलू नकोस."

शुक्रवारी त्याने पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. मांडीबद्दल चकार शब्द नव्हता. दुसरा कुणी असता तर निश्चिंत झाला असता. नेव्हला वाटलं, बेटा हुशार आहे, ओळखलं याने. पुढच्या शुक्रवारी पुन्हा घोटाच आला, अल्बर्टने सुई बदलली त्यासकट. मग मात्र त्याची खात्रीच पटली.

चेंडू डावीकडे जायचा थांबला. ठरवून नव्हे, पण पाय वळेना. कीथ रेषेवर हात वर करून उभा राहायचा आणि नेव्ह उजवीकडे द्यायचा. तिसऱ्या सामन्यात गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "नेव्ह, मॅपलबेकला आज रजा दिलीय का?"

बूट काढताना कीथने हळूच विचारलं, "माझं काही चुकलंय का?"

"तुझं तुला माहीत."

"माहीत असतं तर विचारलं असतं का, लेका?"

नेव्हने मोज्याची घडी घातली आणि उठून गेला.

डिसेंबरात क्रॅन्शॉंनी त्याला खोलीत बोलावलं. "तुमच्या दोघांत काय बिनसलंय?"

"काही नाही, बॉस."

"बातम्या कोण देतंय?"

"मी कुणाचं नाव घेत नाही," नेव्ह म्हणाला. "पण माझ्या खोलीत कोण झोपतं, हे तुम्हाला ठाऊक आहे."

जानेवारीत कीथ पोर्टहेवनला विकला गेला. त्याच्या बायकोने, शीलाने, नुकताच स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला होता. निरोपाच्या दिवशी कीथने सगळ्यांशी हात मिळवला. नेव्हशीही मिळवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी पेपरात पुन्हा ओळ आली: ऑस्टरबीच्या घोट्यातून मंगळवारी पाणी काढले.

नेव्ह पेपर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मॉरीन बटाटे सोलत होती. तो नुसताच बघत राहिला, तेव्हा तिनेच सुरी खाली ठेवली.

"आता माझी पाळी वाटतं?"

"मी काही म्हणालो का?"

"चार महिने तुझं हेच चाललंय. टेलिफोन वाजला की कान टवकारतोस. गिऱ्हाइकांचे केस सेट करताना मी तुझा घोटा विकते, असं वाटतं का तुला? चौघं मोजलीस ना बोटांवर? त्यात स्वतःला धरलंस का?"

"मी कुणाला सांगणार?"

"तेच विचारतेय मी," ती म्हणाली आणि पुन्हा सुरी उचलली. ते बोलणं त्याने रागातलं म्हणून सोडून दिलं.

एप्रिलात पोर्टहेवनला सामना होता. खेळ संपल्यावर नेव्ह मुद्दाम बाहेरच्या बोळात थांबला. कीथ ओल्या केसांनी बॅग घेऊन आला.

"तू गेल्यावरही छापून आलं," नेव्ह म्हणाला.

"येणारच. तुझे बाबा अजून स्टॅनच्या दुकानात जातात ना दाढीला?"

नेव्हला क्षणभर काही कळेना. मग कळलं. दर गुरुवारी सराव आटोपला की तो वडिलांकडे जेवायला जायचा. विल्फ ऑस्टरबी, धक्क्यावर तीस वर्षं पेट्या उतरवलेला माणूस. आई गेल्या उन्हाळ्यात वारली होती. म्हातारा चरबीत तळलेला मासा आणि पाव-लोणी पुढे ठेवायचा आणि विचारायचा, "पाय काय म्हणतोय?" नेव्ह सगळं सांगायचा. बापाला सांगणं त्याने सांगण्यात धरलंच नव्हतं.

"नोव्हेंबरात मी केस कापायला गेलो होतो," कीथ म्हणाला. "बाबा खुर्चीत बसून सुईची लांबी दाखवत होते. पर्सी बाकावर बसून ऐकत होता."

"मग मला का नाही बोललास?"

"आधी वाटलं, तुला ठाऊक असेल. नंतर तू माझ्याशी बोलतच नव्हतास. आणि म्हातारा कितीतरी दिवसांनी हसताना दिसला होता, नेव्ह. मी काय सांगणार होतो?" त्याने बॅग खांद्यावर घेतली. "तू बॉसला माझं नाव सांगितलंस, हे मात्र मला अल्बर्टकडून कळलं."

पुढच्या गुरुवारी नेव्हने जेवण संपत येईपर्यंत धीर धरला. मग सगळं सांगितलं.

"मी गुपित काय फोडलं?" विल्फ म्हणाला. "माझा पोरगा दुखऱ्या पायावर खेळतो, एवढंच बोललो. लोकांना कळायला नको?"

"पर्सी तिथे बसतो, बाबा."

"बसतो की. भला माणूस आहे. तुझ्या आईच्या वेळी फुलं घेऊन आला होता." त्याने पावाचा तुकडा मोडला. "आणि कीथ? तो गेला तो यामुळे?"

म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि ताटल्या उचलून मोरीकडे गेला.

नेव्ह मग क्रॅन्शॉंकडेही गेला. ते म्हणाले, "तुझ्या एका वाक्यावर मी माणूस विकेन असं वाटतं तुला? पोर्टहेवनचं बोलणं नाताळच्या आधीपासून चालू होतं." हे खरं होतं की समजूत घालणं होतं, ते नेव्हला कधीच उमगलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो नाताळ आणि आपलं ते वाक्य यांच्यातले दिवस मनात पुढेमागे करत राहिला.

विल्फने स्टॅनच्या दुकानात जाणं सोडलं. त्याचे केस मॉरीन कापू लागली. गुरुवारचा मासा चुकला नाही, पण गप्पा आता हवा, कबुतरं आणि बसच्या वेळा यांवर आल्या. एकदा नेव्ह आपणहून म्हणाला, "घोटा आता बरा आहे, बाबा." म्हाताऱ्याने हात वर केला. "मला नको सांगूस."

ब्याऐंशीत नेव्हने बूट टांगले आणि गाडी शिकवायचा धंदा सुरू केला. निरोपाच्या सामन्याला कीथ आला, वीस मिनिटं खेळला आणि दोनदा त्याने डावीकडून चेंडू मागितला. नेव्हने दोन्ही वेळा दिला. जेवणाला मात्र तो थांबला नाही. नेव्हने त्याला स्टेशनवर सोडलं.

"सरळ विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," गाडीतून उतरताना कीथ म्हणाला.

"माहीत आहे."

"पत्र टाकीन."

पत्र आलं नाही. दर नाताळाला एक कार्ड येतं. त्यावर कीथ आणि शीला अशी दोघांची नावं असतात, अक्षर शीलाचं असतं. नेव्ह ते मॉरीनच्या आधी उघडतो, आत कीथच्या हातचं काही आहे का ते बघतो आणि मग शेल्फवर ठेवून देतो.