वहीतली दुसरी ओळ

हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वर्षश्राद्धाला आठ दिवस होते. दुपारी दिल्लीत आमच्या द्वारकेत लाइट गेली आणि घरातला कंप्युटर बंद पडला. लाइट आल्यावर सुरू केला, तर हिचा फोल्डर रिकामा.

त्यात हिचा आवाज होता. आजारपणात ही रोज माइकसमोर बसायची. नात दिल्लीतच वाढलेली, तिला पळी आणि उलथनं एकच. म्हणून ही एकेक शब्द घेऊन त्याची गोष्ट सांगायची, मध्येच कुकरला शिव्या. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

मुलगी गुडगावला, कंप्युटरच्याच नोकरीत. फोन केला. म्हणाली, काही गेलेलं नाही, डिस्क माउंट व्हायची राहिली आहे, म्हणून आतलं दिसत नाही. रविवारी येऊन करते, तुम्ही हात लावू नका.

मला राग आला. मी आठवी पास, खरं आहे. पण फौजेतून सुटल्यावर नोएडात नव्या कंपन्या आल्या, त्यातल्या एकीच्या मशीनरूममध्ये मी दहा वर्षं हेच केलं. माउस नाही, काळा पडदा आणि कीबोर्ड. माझ्या वहीत साहेबाने सांगितलेल्या तीन ओळी होत्या. पहिलीने डिस्कवर जागा आखून तिला नाव मिळायचं, त्या जागेला व्हॉल्यूम म्हणायचे. दुसरीने ती जागा फॉरमॅट व्हायची. तिसरीने माउंट. साहेबाचा हुकूम होता, तिन्ही ओळी क्रमाने मारायच्या, एकही गाळायची नाही. पहिलीला मशीन ‘आधीच आहे’ म्हणालं तर आधीच्या पाळीवाल्याने ती मारली असं समजायचं आणि पुढे जायचं. हुकमाला ‘का’ विचारायची मला सवय नव्हती. आमच्याकडे यायच्या त्या डिस्का सगळ्या कोऱ्याच असायच्या.

घरचा कंप्युटर मुलीने माझ्याच वहीवरून बसवला होता. नावंसुद्धा तीच ठेवलेली, मला सोपं जावं म्हणून.

शुक्रवारी वही काढली. पहिली ओळ मारली. या नावाचा व्हॉल्यूम आधीच आहे, असं आलं. चलो, पुढे.

दुसरी मारली. पडद्यावर आकडे पळायला लागले, डिस्क घरघरली. ऑफिसात हे आकडे पळताना मी निवांत चहा प्यायचो. त्या दिवशी चहा करावासा वाटला नाही, कशाने ते कळेना. पाणी पिऊन आलो तरी आकडे पळतच होते.

तिसरी ओळ. मशीनची काही तक्रार नाही. फोल्डर उघडला. आत एकच नाव, लॉस्ट अँड फाउंड. फॉरमॅट केलेल्या प्रत्येक कोऱ्या डिस्कवर हे नाव असायचं. दहा वर्षं पाहिलेलं.

मुलीला फोन लावला. माउंट झालंय, पण आत काही नाही, म्हणालो. तिने हळूच विचारलं, "बाबा, दुसरी ओळ मारली का?"

"तिन्ही मारल्या."

"दुसरीने डिस्क पुसली जाते. वायर खेचा. आत्ता. परत सुरू करू नका."

वायर खेचली. रविवारी ती आली, डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली.

नेहरू प्लेसच्या कंप्युटर बाजारातल्या एका माणसाने महिनाभर खटपट केली. अकरा गोष्टी निघाल्या, काही अर्ध्यावर तुटलेल्या. मुलीने विचारलं, एकूण किती होत्या. मला माहीत नाही. ही बोलायला बसली की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो, तेवढंच. आत जाऊन कधी ऐकलं नाही.