चिंतूने बंद केलेला पिक्चर

पुष्पलता आरेकर बावीस वर्षे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटे सरकत येतात. एखादा खळगा रिकामा दिसला की ते पाकीट बाजूला काढायचे, हे तिचे काम. वय एकोणपन्नास. माहेर दांडीचे, किनाऱ्याला लागून.

ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या धाकट्या भावाचा, भावेशचा फोन आला. त्याच्या मुलीचे, रूपलचे लग्न डिसेंबरात ठरले होते. पत्रिका पालघरच्या छापखान्यात तयार होती. एकच गोष्ट अडली होती. रूपलच्या आजोबांच्या, म्हणजे पुष्पलता आणि भावेशचे वडील जानू मर्दे यांच्या नावाआधी काय छापायचे, श्री. की कै.? छापखानेवाला सोमवारपर्यंत थांबणार होता. कै. छापायचे तर लग्नाआधी, देह न सापडलेल्या माणसासाठी करतात तसा, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देणे भाग होते. तो विधी घरात सदतीस वर्षे झालेला नव्हता. भावेशने आईला विचारले, तर आई म्हणाली, पुष्पाला विचार. ती हो म्हणाली तर करा.

पुष्पलताच्या स्वतःच्या लग्नात श्री. जानू मर्दे असे छापले होते. ते तिनेच छापायला लावले होते. बाप दर्यावरून परतला नाही त्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

जानूची होडी १९८८च्या ऑक्टोबरात बुडाली. होडीवर चौघे होते. तिघांची प्रेते सापडली, एक केळव्याला, दोन दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर. जानू सापडला नाही. पुष्पलता बारा वर्षांची होती, भावेश सात.

तिसऱ्या आठवड्यात वस्तीतल्या बायका जानूच्या बायकोच्या, रखमाच्या बांगड्या फोडायला आल्या. पुष्पलता दारात उभी राहिली. तिने बायकांना विचारले की, पिक्चरमधला बाप परत आला की नाही? "तुमीच बघितला ना? तुमीच टाळ्या वाजवल्या ना?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. थोड्या वेळाने त्या निघून गेल्या आणि त्या कामासाठी पुन्हा आल्या नाहीत.

हा पिक्चर त्याच्या आदल्या वर्षी दांडीत आला होता. चिंतू नावाचा, जवळच्याच गावातला एक जण भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणायचा. जाळी ठेवायच्या खोपटात खिडक्यांना गोणपाटे लावून भरदुपारी अंधार करायचा. त्याच्याकडे पाच-सहाच कॅसेट होत्या. त्यातल्या एकीचे लेबल निघून गेले होते. नाव कुणालाच माहीत नव्हते, म्हणून मुले तिला शिंपल्याचा पिक्चर म्हणत. एका मच्छिमाराची होडी समुद्रातली राणी ओढून नेते. त्याची मुलगी शिंपल्यांच्या सात पायऱ्या उतरून खाली जाते, राणीची तीन कामे करते आणि बापाला मागून आणते. पुष्पलताने तो अकरा वेळा पाहिला.

दांडीत तेव्हा एक रीत होती. माणसे दर्यावर असताना घरच्या बायकांनी बुडती होडी बघायची नाही, चित्रातसुद्धा नाही. एका वर्षी औषधाच्या दुकानाने वाटलेल्या कॅलेंडरवर वादळात सापडलेले जहाज होते. ती कॅलेंडरे वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगलेली राहिली. चिंतूही याच समाजातला. होडी बुडायचा भाग आला की तो बटण दाबून कॅसेट पुढे पळवायचा आणि तेवढ्या वेळात तोंडाने सांगायचा, "तर त्याला राणीनं नेला. आता पोरगी काय करतं बगा." शेवटी बाप वाळूवर पाय ठेवायचा, मुलगी त्याच्याकडे धावायची आणि चिंतू टीव्ही बंद करायचा. टाळ्या पडायच्या. पिक्चर तिथे संपत नाही, हे मुलांना कळायचे कारण नव्हते.

एकदा जानूही मागे बसून बघत होता. सुरुवातीलाच तो मोठ्याने हसला आणि म्हणाला की, या लोकांनी शीड उलटं फुगवलंय. चिंतूने त्याला गप्प बसवले. बघायचं तर बघ, नायतर जाळं शिवायला जा, असे सुनावले. त्यावर जानू म्हणाला की, ह्या होडीवर बसण्यापेक्षा मी पोहत जाईन. खोपट हसले. पुष्पलताला बापाची लाज वाटली होती.

बांगड्यांचा प्रसंग झाला त्यानंतर घरात जानूबद्दल बोलणे हळूहळू कमी झाले. रखमा दांडीत बोंबील सुकवून विकत राहिली. पितृपक्षात घरात आजा-पणजांची पाने वाढली जात, जानूचे नाही. पुष्पलता मोठी झाली, बोईसरला दिली गेली. बाप राणीकडे आहे असे ती अर्थातच मानत नव्हती. बाप मेला असेही तिने कधी म्हटले नव्हते. आई बांगड्या घालते म्हणजे आई अजून वाट बघते, एवढे तिला ठाऊक होते. त्या काढायला लावणारी आपण व्हायचे नाही, एवढेच तिने ठरवले होते.

भावेशच्या फोनबद्दल तिने घरी मुलीला, पूर्वीला सांगितले. ती पालघरला एका दवाखान्यात कामाला आहे. तिने शिंपल्याचा पिक्चर लहानपणापासून आईकडून ऐकला होता. रात्रीच्या जेवणानंतर ती फोनवर शोधत बसली. राणी, शिंपले, समुद्र, जुना डब केलेला पिक्चर, असे काय काय लिहून पाहिले. शनिवारी सकाळी तिने फोन आईपुढे धरला.

"आई, हाच का तुझा पिक्चर?"

पडद्यावर सात पायऱ्या होत्या. पुष्पलता म्हणाली, "हाच."

मुलगी कामावर गेली. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, तोही बाहेर होता. पुष्पलताला सुटी होती. तिने डाळ शिजायला लावली, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि पिक्चर लावला. तो दोन तास अकरा मिनिटांचा होता. पडद्याच्या कोपऱ्यात कसलेसे चिन्ह सारखे दिसत होते.

पहिल्याच दृश्यात होडी किनाऱ्यावरून निघते. मागचे माड वाऱ्याने एका बाजूला वाकलेले, शीड त्याच्या विरुद्ध बाजूला फुगलेले. पुष्पलताने ते पाहिले आणि डाळीचा गॅस कमी केला.

राणीचा महाल रंगवलेल्या पुठ्ठ्याचा होता. मासे दोऱ्यांना टांगलेले होते, दोरे दिसत होते. शिंपल्यांच्या पायऱ्या तिच्या आठवणीत घराएवढ्या होत्या. इथे त्या परातीएवढ्या होत्या. राणीचा आवाज एका बाईचा आणि ओठ दुसरीचे. तिला वाईट वाटले नाही, हसूही आले नाही.

होडी बुडायचा भाग तिने पहिल्यांदाच पाहिला. चार मिनिटे होता तो. पाणी हौदातले होते, हे उघड दिसत होते. त्यात तो माणूस दोनदा वर आला, तिसऱ्यांदा आला नाही. कॅमेरा खाली गेला आणि तो तळाशी डोळे उघडे ठेवून पडलेला दाखवला. चिंतू ज्याला राणीने नेला म्हणायचा, ते हे होते.

मग तीन कामे झाली. राणी मुलीला सांगते की मेलेला माणूस मला देता येत नाही. मी तुला त्याच्यासारखा एक करून देते, मिठाचा. पहिल्या भरतीपर्यंत टिकेल. चिंतू इथेही कॅसेट पुढे पळवत असणार; हे वाक्य त्याने कधी ऐकू दिले नव्हते. बाप वाळूवर पाय ठेवतो. मुलगी धावते. इथे टीव्ही बंद व्हायचा. फोन चालू राहिला. बाप मुलीशेजारी बसतो, भाकरी खातो, तिची वेणी घालतो. मग पाणी येते, त्याच्या पावलांना लागते आणि तो पावलांपासून विरघळत जातो. मुलगी हाका मारत नाही. ती उठून घरी जाते. पिक्चर संपतो.

पुष्पलताने फोन पुसून चार्जिंगला लावला. रडू येईल असे तिला वाटले होते, म्हणून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. ते आले नाही. डाळ खाली लागली होती. वरची काढून घेतली आणि भांडे भिजत घातले.

रविवारी दुपारी ती शेअर रिक्षाने दांडीला गेली. भावेश घरात होता, पण काही न विचारता बाहेर ओट्यावर जाऊन बसला. रखमा जमिनीवर सुपात जवळा, सुकवलेली बारीक कोळंबी, निवडत होती. तिचे वय आता पंचाहत्तरच्या आसपास आहे. पुष्पलताही सुपापुढे बसली आणि जवळ्यातला कचरा वेचू लागली. पूर्वीला तो पिक्चर सापडला आणि आपण तो पाहिला, एवढे तिने सांगितले.

"सगळा बगितलास?" रखमाने विचारले.

"सगळा."

"शेवट पन?"

"तो मिठाचा होता."

रखमाचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली की हे तिला तेव्हाच ठाऊक होते. पिक्चर पहिल्यांदा आला त्याच दिवशी बायकांनी चिंतूला बाजूला घेऊन शेवट विचारला होता, आणि तो त्याने सगळ्यांना सांगितला होता. बघायचे नव्हते, ऐकायला बंदी नव्हती.

म्हणजे बांगड्या फोडायला आलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. पुष्पलताने ते चेहरे आठवून पाहिले. त्यातल्या दोघीच आता हयात होत्या.

"मग मला का नाय सांगितलास?"

"तू दारात उभी होतीस," रखमा म्हणाली. "वाटलं, मोठी झाली का आपनच काय ते बोलंल. तू बोलली नाय. मंग तुज्यासाठी बांगड्या घालत रायले."

"मी तुझ्यासाठी गप्प होते."

"हां," रखमा म्हणाली.

सूप निवडून झाले. रखमाने हात धुतले आणि डावा हात पुष्पलतापुढे केला. मनगट इतके बारीक झाले होते की मासळी धुताना बांगड्या निसटून पडत, म्हणून तिने त्या काळ्या दोऱ्याने एकत्र बांधून मनगटाला अडकवल्या होत्या. दोरा ओला होता आणि गाठ बसलेली होती. पुष्पलताने ती दातांनी सोडवली. बांगड्या आपोआप हातावरून उतरल्या. दुसऱ्या हाताचेही तसेच झाले. फोडायला काही उरले नव्हते. रखमाने त्या सुपात ठेवल्या आणि विचारले, "पुतळ्याचा दिवस कुटला धरायचा?"

पुष्पलताने ओट्यावर जाऊन भावेशला सांगितले. त्याने तिथूनच छापखान्याला फोन लावला आणि कै. छापा म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे; भावेश म्हणाला, नाही, तारीख नको, नुसते कै.

संध्याकाळी सात वाजता ती बोईसरला परतली. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. पूर्वीने भात वाढता वाढता विचारले की काल तो पिक्चर कसा वाटला, आठवणीतल्यासारखाच होता का?

पुष्पलता म्हणाली, "शीड उलटं फुगवलंय त्यांनी."