माळ्याखालचा दिवा

विमलाबाईची बैठकीची खोली म्हणजे भल्याभल्यांना मान खाली घालायला लावणारी. वर लाकडी माळा, माळ्यावर धानाची पोती आणि खाली वायरीला लोंबणारा बल्ब. लेक संघपाल ताडमाड वाढलेला. येता-जाता त्याचं कपाळ बल्बला लागायचं आणि तो बल्बलाच शिव्या द्यायचा, जसा काही बल्बच चालून आला.

यंदा पावसाळ्यात, वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन आठवडाभर त्यांच्या घरी होतं. वाचणार विमलाबाई. धानाची रोवणी करून पाठ मोडलेली ही बाई चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकली. तिचं वाचन ऐकायला अख्खं कोंढा गाव हातातलं काम टाकून येई. पण उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून यंदा वाचता येईल की नाही, याचा तिच्या जिवाला घोर लागला होता.

नवा दिवा घ्यायला संघपाल तिला पवनीला दुकानात घेऊन गेला. "झुंबर नोको आई, ट्यूबबी खाली येते. हा चपटा पाह्य, माळ्याले चिकटूनच बसते."

त्यानं तो खोलीच्या मधोमध बसवला. विमलाबाईनं पदर कमरेला खोचून, खाली उभं राहून ग्रंथ उघडला, अक्षरं लख्ख दिसली. संघपालनं ताठ मानेनं खोलीत दोन चकरा मारल्या.

वाचनाला माणसं जमली. वंदना झाली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, विमलाबाई दिव्याच्या बरोबर खाली पाटावर बसली आणि ग्रंथावर वाकली. पान अंधारलेलं. आणखी वाकली, तर होतं तेही दिसेना. दोन ओळी पाठ होत्या, त्या म्हटल्या. मग जीभ अडकली.

"सरिता, तू वाच," ती सुनेला म्हणाली.

सरिता हातातलं काम टाकून तशीच उघड्या डोक्यानं बसली आणि घडाघडा वाचू लागली. तीच जागा, तोच दिवा. आपले डोळे गेले, विमलाबाईला पक्कं वाटलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशीही सरिताच बसली. शेजारच्या शकुनबाईनं टोकलं, "सूनबाई, ग्रंथ वाचतं ना? पदर घे."

सरितानं पदर घेतला, वाकली आणि थबकली.

"आई! तुमचे डोये चांगले हायेत! पदराची सावली पडून राहिली पानावर!"

तिसऱ्या दिवशी सकाळीच संघपालनं दिवा काढून भिंतीवर लावला आणि पाट त्याच्या बाजूला सरकवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दिवा घेताना त्यानं आपलं कपाळ तेवढं पाहिलं होतं. "बस आई. वाचून पाह्य."

विमलाबाई पदर घेऊन बसली. अक्षर न् अक्षर दिसत होतं. एक ओळ तिनं वाचली आणि तिचा आवाज कापू लागला. तिनं ग्रंथ मिटला.

"दिसते रे बापा, सारं दिसते. पण आता लोकाईसमोर बसाचं मले भेव लागते."

संध्याकाळी माणसं जमली. पाट रिकामा होता. विमलाबाई सगळ्या बायकांच्या मागे, दाराजवळ जाऊन बसली.

"वाच सरिता," ती म्हणाली. "मी आयकतो."