जिभेला वेखंड

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची झाली तरी नीट बोलत नव्हती. अर्धेमुर्धे शब्द काढायची, ते आईशिवाय कुणाला कळायचे नाहीत. मास्तरांनी तिला शाळेतून परत पाठवलं. ‘बोलायला लागली की आणा,’ म्हणाले.

मग घरादाराने तिच्या जिभेचा पिच्छाच पुरवला. रोज सकाळी मधात उगाळलेलं वेखंड जिभेवर चोळायचं. ती ओकाऱ्या काढायची, आई रडत रडत तिचे हात धरून ठेवायची.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. मी तेव्हा नऊ वर्षांची. खेळायला निघाले की आई म्हणायची, ‘बहिणीक वांगडा घेवन जा गो.’ मला ते लोढणं नको असायचं. ती पाठमोरी असताना हाक मारली की ती वळत नाही, हे मी हेरलं होतं. तशीच हाक मारायची, ‘हाक मारलंय, ती येणा नाय,’ असं आईला सांगायचं आणि किनारा गाठायचा. समोर गेलं की ती धावत येई, म्हणून समोर जायचंच नाही. इतकी मी लबाड होते.

अखेर देवळात गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवून गावकार देवाला मोठ्याने सांगू लागले, ‘ह्या चेडवाची जीब जड झाली आसा, ती मोकळी कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यांनी साथ दिली. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर माझं खेळणं गेलं असतं. मीही ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ बहीण आमच्या तोंडांकडे टकामका बघत होती.

दोन वर्षांनी ताप आला म्हणून तिला मालवणात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. मग आणखी एक, जोरात.

‘जीभ उत्तम आहे. हिला ऐकू कमी येतं. जे ऐकलंच नाही ते बोलणार कुठून? घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?’

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी भिंतीकडे बघत राहिले.

त्यानंतर आई तिला रोज समोर बसवून, कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द म्हणवून घेऊ लागली. बोलली ती, बऱ्यापैकी बोलली. पण शाळेत गेली आठव्या वर्षी. पोरं हसली, आणि चौथीत तिने पाटी ठेवली ती कायमचीच.

तिची ती दोन वर्षं मी खाल्ली. पुढे एकदा तिच्या सासरी गेले असताना हे सगळं मी तिला सांगून टाकलं, अगदी पहिल्यापासून. ती आडाळ्यावर नारळ खवत होती, माझ्याकडे पाठ करून.