ऑइल न मिसळलेलं पेट्रोल

ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा गल्लीतून जुनी टू-स्ट्रोक गाडी गेली आणि जळक्या ऑइलचा वास आला.

अणदूरच्या आमच्या गॅरेजात माझा भागीदार दत्तू इंजिनाला जोर यावा म्हणून कानशीनं घासून सिलिंडरची भोकं रुंद करायचा. त्याची गाडी मुरमाड टेकडी सहज चढायची, माझी निम्म्यात दमायची. ते मला सोसेना.

त्या टेकडीवरच्या शर्यतीच्या सकाळी तो म्हणाला, "माझ्या गाडीची टाकी ऑइल मिसळून भर रं." मी जाणूनबुजून नुसतं पेट्रोल भरलं. ऑइलावाचून चढावर पिस्टन जाम झाला.

"म्याच लई घासलं," म्हणत दत्तूनं कानस कायमची ठेवून दिली.

काल त्याच्या घरी गेलो. "दत्तू, त्या दिवशी टाकीत मी..."

"काय रं?"

"काय न्हाय. चहा लई चांगला झालाय."